डोंगराची किंमत आणि डोंगराची कदर

५ जूनला, म्हणजे पर्यावरण दिनी, शाळाशाळांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. पन्नास वर्षे जगलेल्या एका झाडाची किंमत १५ लाख ७० हजार रुपये! कलकत्ता विद्यापीठाचे प्रा. टी. एम. दास यांनी १९७९ मध्ये मांडलेला हा हिशेब. त्यात लाकूड, फळे, फुले धरलेली नाहीत. झाडाने दिलेला प्राणवायू, धरून ठेवलेली माती, खेळते ठेवलेले पाणी, पशुपक्ष्यांना दिलेला आसरा अशा गोष्टींचेच रुपये केलेले आहेत. आम्ही शिक्षक मंडळी हे वाक्य भाषणात वापरतो, फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहितो. मुले थक्क होतात आणि टाळ्या वाजतात.

पण त्यापुढचे तीन प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हा आकडा कोणत्या रीतीने काढतात? तो काढताना कोणाचे म्हणणे धरतात आणि कोणाचे सोडतात? आणि उद्या एखाद्याने १५ लाख ७० हजार रुपये मोजून दिले, तर ते झाड तोडण्याचा हक्क त्याला मिळाला काय? पहिला प्रश्न अर्थशास्त्राचा, दुसरा न्यायाचा आणि तिसरा नीतीचा आहे. आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो आणि मराठीत लिहितो, म्हणून दोन शब्दांकडे आमचे लक्ष सारखे जाते. ‘किंमत’ आणि ‘कदर’ हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे आले आणि मराठीत रुळले. किंमत बाजारात ठरते. कदर माणसाच्या मनात असते. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येतो का, हाच या साऱ्या शास्त्राचा मूळ सवाल आहे.

हे शास्त्र जन्मले अमेरिकेत, आणि ते धरणांमुळे. १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने तिथे असा दंडक घातला की सरकारी प्रकल्पाचे लाभ, मग ते कोणालाही मिळोत, खर्चाहून अधिक असले पाहिजेत. धरणाचे लाभ मोजणे सोपे होते. इतकी वीज, इतके पाणी, इतके धान्य. पण जी दरी बुडणार, जिथे लोक भटकायला जात, मासे धरत, तंबू ठोकून दोन दिवस राहत, तिचे काय? तिला तिकीट नव्हते, म्हणून बाजारभाव नव्हता. बाजारभाव नव्हता म्हणून हिशेबाच्या वहीत तिच्या नावापुढची जागा कोरी राहिली. आणि वहीतली कोरी जागा बेरजेच्या वेळी शून्य ठरते, हे कोणताही दुकानदार सांगेल.

१९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने अर्थतज्ज्ञांना पत्र पाठवून विचारले की उद्यानांचा लाभ मोजावा कसा. हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी एका छोट्या पत्रातून उत्तर दिले. उद्यानाभोवती वर्तुळे काढा. प्रत्येक पट्ट्यातून किती लोक येतात आणि येण्यासाठी किती खर्च करतात ते पाहा. जवळचा माणूस थोड्या खर्चात येतो आणि वरचेवर येतो. दूरचा जास्त खर्च करून कधीमधी येतो. जो तो येण्यासाठी जेवढे मोजतो, निदान तेवढी तरी त्याच्या लेखी त्या जागेची किंमत असलीच पाहिजे. जवळच्या माणसाला दूरच्याइतका खर्च करावा लागत नाही. त्याचा जो फायदा उरतो, त्याला आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ म्हणतात. ते सगळे एकत्र केले की उद्यानाची किंमत निघते. मॅरियन क्लॉसन यांनी १९५९ मध्ये या कल्पनेला आकड्यांचे रूप दिले, आणि ‘प्रवासखर्च पद्धत’ म्हणून ती जगभर गेली.

पद्धत चतुर आहे, यात शंका नाही. ती माणसाच्या बोलण्यावर न जाता त्याच्या वागण्यावर जाते. पण तिची मर्यादा आम्हाला वर्गात दिसली. आमची शाळा यंत्रमागांच्या वस्तीत आहे. आठवीची सहल बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या लेण्यांवर नेली होती. नंतर गणिताच्या तासाला, सरासरी शिकवताना, आम्ही सहलीचा खर्च फळ्यावर मांडला. बसभाडे, प्रवेशशुल्क, खाऊ. आलेल्या मुलांच्या नावांपुढे आकडे आले. वर्गणी न जमल्यामुळे बरीच मुले आली नव्हती. त्यांच्या नावांपुढे शून्य आले. एक मुलगी म्हणाली, “सर, मन तो था, अम्मी के पास पैसे नहीं थे.” गणिताच्या दृष्टीने तिचे शून्य बरोबरच होते. पण ते शून्य तिच्या आईच्या बटव्याचे होते. उद्यानाविषयी तिला काय वाटते, याबद्दल फळ्यावरचा आकडा काहीच सांगत नव्हता. प्रवासखर्चाची पद्धत जे आले त्यांनाच विचारते. ज्यांना येता आले नाही, त्यांच्या मनातला डोंगर तिला दिसत नाही.

दुसरी पद्धत घरांच्या किमतींवरून चालते. १९६७ मध्ये रिडकर आणि हेनिंग या अभ्यासकांनी सेंट लुई शहरातील घरांच्या किमती आणि हवेतील गंधकाचे प्रदूषण यांचा मेळ घालून पाहिला. जिथे हवा वाईट, तिथे घर स्वस्त. दोन सारख्या घरांच्या किमतींतला फरक म्हणजे स्वच्छ हवेची किंमत, असा हा तर्क. आपल्याला तो समजावून सांगायला नको. मुंबईत खिडकीतून समुद्र दिसला की त्याच चौरस फुटांचा भाव कुठल्या कुठे जातो. याउलट देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली, तेव्हा धूर मुंबईभर पसरला आणि सगळ्यांना देवनार आठवले. गोवंडी-शिवाजीनगरच्या लोकांना ते आठवावे लागत नाही. तिथे घर स्वस्त मिळते म्हणून कष्टकरी माणूस तिथे राहतो. आता या पद्धतीने हिशेब केला तर काय निघेल? या माणसाने स्वच्छ हवेपेक्षा स्वस्त घराला पसंती दिली, असे निघेल. पसंती! ज्याच्यापुढे दुसरे घरच नव्हते, त्याच्या नाइलाजाला आकड्यांच्या भाषेत पसंती म्हणतात. आणि मग पुढचा कचरा कुठे टाकावा, हे ठरवतानाही तोच आकडा पुढे येतो. जिथे हवेची किंमत कमी, तिथे ती बिघडवल्याचे नुकसानही कागदावर कमीच.

तिसरी पद्धत सरळ विचारण्याची. रॉबर्ट डेव्हिस यांनी १९६३ मध्ये आपल्या प्रबंधासाठी मेन राज्यातील रानात येणाऱ्या शिकारी आणि हौशी लोकांना विचारले, की हे रान वापरायला तुम्ही किती पैसे मोजाल? १९६७ मध्ये जॉन क्रुटिला यांनी आणखी एक मुद्दा मांडला. एखादी दरी आपण कधीही पाहणार नसलो, तरी ती आहे, शाबूत आहे, याचेही माणसाला समाधान असते. हे समाधान ना प्रवासखर्चात दिसते ना घराच्या किमतीत. ते विचारल्याशिवाय कळायचे नाही.

या पद्धतीची खरी परीक्षा झाली ती २४ मार्च १९८९ नंतर. त्या दिवशी ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या प्रिन्स विल्यम उपसागरात खडकावर आदळले आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल समुद्रात गेले. पक्षी, ऊदमांजरे, मासे मेले. अलास्का राज्याने अभ्यासकांकडून देशभरातील कुटुंबांची पाहणी करवून घेतली. अशी दुसरी गळती टळावी म्हणून तुम्ही एकदाच जादा कर द्याल का, असा प्रश्न होता. अलास्काला कधी न गेलेल्या लोकांनीही ‘हो’ म्हटले. त्यावरून नुकसानीचा कमीत कमी आकडा निघाला २८० कोटी डॉलर. १९९१ मध्ये कंपनीने दिवाणी तडजोडीत ९० कोटी डॉलर देण्याचे कबूल केले.

वाद मात्र थांबला नाही. एक्सॉनने पैसे पुरवलेल्या एका अभ्यासात लोकांच्या वेगवेगळ्या गटांना विचारले गेले, की तेलाच्या खड्ड्यांत मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला किती द्याल? एका गटाला २,००० पक्षी सांगितले, दुसऱ्याला २०,०००, तिसऱ्याला २,००,०००. उत्तरांची सरासरी आली ८० डॉलर, ७८ डॉलर आणि ८८ डॉलर. पक्षी शंभरपट वाढले, पैसे जागच्या जागी! म्हणजे लोक पक्षी मोजत नव्हते, आपल्या मनातली हळहळ मोजत होते. १९९३ मध्ये केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेल मानकऱ्यांच्या समितीने निर्वाळा दिला की पद्धत कडक नियम पाळून वापरली, तर न्यायालयात चर्चेचा आरंभ करण्याइतकी ती विश्वसनीय आहे. शेवटचा शब्द म्हणून मात्र तिच्याकडे पाहू नये.

इथे एक तुलना मनातून जात नाही. त्याच १९८९ च्या फेब्रुवारीत, अलास्काच्या अपघाताच्या महिनाभर आधी, भोपाळच्या वायुकांडाची तडजोड झाली होती. १९८४ च्या त्या रात्री आणि नंतर हजारो माणसे मेली, लाखो आजारी झाली. युनियन कार्बाइडने त्यासाठी दिले ४७ कोटी डॉलर. ही रक्कम वाढवून मागणारी सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. दोन्ही प्रकरणांचे कायदे निराळे, देश निराळे, हे आम्ही जाणतो. तरीही अलास्काचे पाणी आणि पक्षी यांना ९० कोटी, आणि भोपाळच्या माणसांना ४७ कोटी, हे आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. किंमत वस्तूची असते असे आपण समजतो. पुष्कळदा ती मागणाऱ्याच्या ऐपतीची असते.

आपल्या बोरिवलीच्या उद्यानाचीही अशी किंमत काढली गेली आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईकरांना विचारले होते, की हे उद्यान जपण्यासाठी तुम्ही दरमहा किती द्याल? उत्तर आले सरासरी घरटी साडेसात रुपये, पाच वर्षांसाठी. साडेसात रुपये ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण सगळ्या शहराचे मिळून ते कोट्यवधी होतात. ज्या उद्यानाच्या कुशीत विहार आणि तुळशी हे तलाव आहेत, त्याच्या रक्षणाला शहर तयार आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. एका परीने हे चांगलेच झाले.

पण त्याच १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर उद्यानातील झोपड्या हटवण्याचा आदेश दिला, आणि पुढच्या काही वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. याच जंगलात पिढ्यानपिढ्या राहिलेले वारलींचे पाडेही आहेत. पाड्यावरच्या वारली बाईला ‘दरमहा किती द्याल’ असे विचारणे हीच थट्टा ठरेल. तिला विचारायचे तर ‘किती घेऊन सोडाल’ असे विचारावे लागेल. आणि हे दोन प्रश्न एक नव्हेत. १९७४ च्या एका अमेरिकन अभ्यासात बदकांच्या शिकाऱ्यांना दोन्ही प्रश्न विचारले होते. बदकांचा पाणथळ भाग राखायला किती द्याल, तर उत्तर आले २४७ डॉलर. तोच भाग सोडायला किती घ्याल, तर १,०४४ डॉलर. वस्तू तीच, पण ती माझी आहे असे धरून विचारले की किंमत चौपट. तेव्हा कोणता प्रश्न विचारायचा, हे ठरवतानाच मालक कोण हेही गुपचूप ठरून जाते. शहरातल्या माणसाला ‘किती द्याल’ विचारले की तो दाता होतो. जंगलातला माणूस त्या हिशेबात येतच नाही.

आणखी एक जण या हिशेबात नाही. तो अजून जन्मलेला नाही. पुढे मिळणाऱ्या लाभाचे आजचे मूल्य काढताना अर्थशास्त्र व्याजाच्या उलट्या दराने वजावट करते. दर १० टक्के धरला तर पन्नास वर्षांनी मिळणारे १०० रुपये आज अवघे ८५ पैसे ठरतात. दर ४ टक्के धरला तर तेच १०० रुपये १४ रुपये ठरतात. म्हणजे आमच्या नातवंडांना मिळणाऱ्या सावलीचे मोल ८५ पैसे की १४ रुपये, हे एका टक्केवारीवर ठरणार, आणि ती टक्केवारी आज जिवंत असलेले लोक ठरवणार. हे गणित चूक नाही. पण त्याच्या पोटात एक नैतिक निर्णय दडलेला आहे, आणि तो गणिताच्या वेषात येतो म्हणून कोणी त्याला जाब विचारत नाही.

आपल्या देशात हे सारे आता कायद्यात आले आहे. जंगलाची जमीन खाणीला वा रस्त्याला द्यायची तर जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलाच्या प्रतीनुसार हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये असे दर मान्य केले. २०२२ मध्ये ते वाढवण्यात आले. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने तर एका झाडाची किंमत त्याच्या वयाच्या दर वर्षामागे ७४,५०० रुपये धरावी असे सुचवले. हेतू चांगला होता. पूर्वी जंगल फुकट जात होते, आता निदान दाम मोजावे लागतात. पण दर ठरला की दंडाचे शुल्क व्हायला वेळ लागत नाही. दंड भरताना माणसाची मान खाली असते. शुल्क भरणारा पावती मागतो आणि ताठ मानेने कामाला लागतो. मुंबईत ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेची २ हजारांहून अधिक झाडे मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात कापली गेली. बदल्यात लावलेल्या झाडांचे आकडे पुढे करण्यात आले. पण जे लोक रात्री तिथे धावत गेले, ते आकडे मोजायला गेले नव्हते.

मग आम्ही म्हणतो काय? किंमत काढूच नये? असे म्हणणे सोपे आहे, आणि सभेत टाळ्याही मिळवून देईल. पण आम्ही तसे म्हणणार नाही. कोरी जागा शून्य ठरते, हे आधीच सांगितले आहे. ज्याची किंमत लिहिली नाही, ते न्यायालयात आणि मंत्रालयात फुकट समजले जाते, आणि त्याचा पहिला फटका नदीकाठच्या, खाडीकाठच्या गरिबालाच बसतो. रस्त्यावरच्या अपघातात कमावता माणूस गेला तर न्यायाधिकरण त्याच्या घरच्यांना भरपाई देते. ती रक्कम विधवेच्या चुलीसाठी गरजेची असते, म्हणून ती मागितलीच पाहिजे. पण ती मिळाली म्हणून कोणी असे म्हणत नाही, की माणसाचा जीव इतक्या रुपयांना विकला गेला. किंवा इतके रुपये आधी भरले तर एखाद्याला चिरडायची मुभा आहे. भरपाईचा आकडा आणि विक्रीचा भाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नुकसान झाल्यावर किती भरायचे, या प्रश्नाला हे शास्त्र कामाचे आहे. नुकसान करायचे की नाही, या प्रश्नाला ते पुरे पडत नाही. आमची तक्रार शास्त्राबद्दल नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला डकवले जाते, तिथे आमची तक्रार आहे.

त्यातही भरपाईच्या हिशेबात न्याय आणता येतो. गरिबाचा एक रुपया आणि श्रीमंताचा एक रुपया सारख्या वजनाचा धरू नये, असे काही अर्थतज्ज्ञच म्हणतात. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या ‘ग्रीन बुक’ या मार्गदर्शिकेत असे वजन देण्याची रीत सांगितलेली आहे. आपल्याकडेही प्रत्येक आकड्यासोबत एवढे तरी लिहायला काय हरकत आहे, की कोणाला विचारले, कोणता प्रश्न विचारला आणि वजावटीचा दर कोणता धरला?

आणि करायचे की नाही, हा निर्णय? त्यासाठी रुपयाखेरीज दुसरे माप आपल्याजवळ आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात बॉक्साइटची खाण काढायची होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की डोंगरावर राहणाऱ्या लोकांच्या ग्रामसभांना विचारा. तिथले डोंगरिया कोंध डोंगराला देव मानतात. बारा गावांत ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. तिथे कोणी विचारले नाही की तुम्ही डोंगरासाठी किती द्याल. डोंगर द्यायचा का, एवढेच विचारले. या प्रश्नात ज्याच्याजवळ दमडी नाही त्याचा हात आणि ज्याच्याजवळ शंभर एकर आहेत त्याचा हात सारखाच मोजला जातो. पाहणीत माणसाच्या मताला त्याच्या खिशाइतके वजन असते. सभेत ते एका माणसाइतके असते.

वाचकांत आमच्यासारखे शिक्षक पुष्कळ असतील. त्यांना एक विनंती. पुढच्या ५ जूनला १५ लाख ७० हजारांचे वाक्य जरूर लिहा, पण त्याखाली ते तीन प्रश्नही लिहा. आणि सहलीचा हिशेब मांडलात, तर न आलेल्या मुलांच्या नावापुढे शून्य लिहिण्याआधी त्यांना विचारा, त्यांना यायचे होते का. त्या उत्तराचे रुपये होणार नाहीत. पण पुढच्या वर्षीची वर्गणी कोणी किती द्यायची, हे त्यावरून ठरवता येईल.